सल्ल्याचा मान आणि मालकीचा हक्क

बेरी हे इंग्लंडच्या लँकेशायरमधील जुने गिरणगाव. तेथील फुटबॉल क्लब १८८५ साली स्थापन झाला आणि १८९४ पासून सव्वाशे वर्षे लीगचा सभासद होता. डिसेंबर २०१८ मध्ये एका उद्योजकाने तो अवघ्या एका पौंडाला विकत घेतला. आठ महिन्यांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, आर्थिक तरतुदीचा पुरावा न दिल्याने लीगने त्याची हकालपट्टी केली. ज्यांचे आजे-पणजे त्याच मैदानावर उभे राहून ओरडले, त्या गावकऱ्यांना या व्यवहारात कोणी विचारले होते काय? कायद्याच्या लेखी ते केवळ गिऱ्हाईक होते, आणि दुकान विकताना गिऱ्हाइकाची संमती घेण्याची चाल भांडवलशाहीत नाही.

या चालीला आव्हान दिले ते पाठीराख्यांच्या ट्रस्टांनी. कर्जात बुडालेल्या नॉर्थम्प्टन टाऊन क्लबसाठी १९९२ साली पहिला असा ट्रस्ट उभा राहिला. नाव ट्रस्टचे असले तरी या संस्थांची घडण बहुतेक ठिकाणी सहकारी आहे. वर्गणी कितीही द्या, सभासदाला मत एकच. बेरीच्या शेजारच्या रॉचडेल गावी १८४४ साली विणकरांनी आपले दुकान उघडले ते याच तत्त्वावर. म्हणजे ही चळवळ कामगारांच्याच परंपरेतील आहे.

मालकवर्गाने तिच्यावर उतारा शोधला तो सल्ल्याचा. एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडमधील सहा बड्या क्लबांच्या मालकांनी युरोपीय सुपर लीगचा घाट घातला. पाठीराखे रस्त्यावर उतरले आणि अवघ्या काही दिवसांत तो बेत कोसळला. त्यानंतर माफीपत्रे निघाली, सल्लागार मंडळे नेमली गेली. २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आला, पाठीराख्यांशी विचारविनिमय बंधनकारक झाला, क्लबचे बोधचिन्ह व रंग त्यांच्या संमतीवाचून बदलता येईनासे झाले. हा लाभ लढ्यातून मिळाला आहे, त्याला तुच्छ लेखू नये. परंतु विचारविनिमय बंधनकारक असला तरी त्यातून निघालेले मत मालकावर बंधनकारक नाही. झेंड्याचा रंग पाठीराख्यांनी राखावा आणि तिजोरीची किल्ली मालकाने, अशी ही वाटणी आहे!

अल्पमतातील भागीदारीही पुरत नाही. स्वान्सी सिटीमध्ये ट्रस्टकडे सुमारे एक पंचमांश भाग होते, संचालक मंडळावर प्रतिनिधीही होता. तरीही २०१६ साली इतर भागधारकांनी बहुमताचे भाग अमेरिकन गुंतवणूकदारांना विकले. वाटाघाटींपासून आपल्याला दूर ठेवले, ही ट्रस्टची तक्रार पुढे वर्षानुवर्षे धुमसत राहिली.

सामान्य माणसांनी एवढे भांडवल आणावे कोठून, असा आक्षेप घेतला जातो आणि पुरावा म्हणून पोर्ट्समथचे नाव पुढे केले जाते. तेथे पाठीराख्यांनी हजार-हजार पौंड घालून २०१३ साली क्लब घेतला आणि २०१७ साली सभासदांनीच मतदान करून तो एका अमेरिकन धनिकाच्या कंपनीला विकला. हे खरे आहे. पण त्याआधी २०१० व २०१२ अशा दोनदा तो क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात नेला कोणी? खासगी मालकांनीच! त्यांनी केलेला विध्वंस गरिबांच्या वर्गणीने निस्तरावा आणि घर सावरले की ते पुन्हा धनिकाच्या हवाली करावे, यात दोष सामूहिक मालकीचा नाही. तिला केवळ संकटकाळापुरते बोलावणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे.

दुसरी वाट विम्बल्डनने दाखविली. २००२ साली त्यांचा क्लब दूरच्या मिल्टन कीन्स शहरी हलविण्यास परवानगी मिळताच पाठीराख्यांनी नवा क्लब काढला. तळच्या पायरीपासून चढत २०११ साली तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. स्वतःच्या मैदानासाठी पैसा कमी पडला तेव्हा त्यांनी बहुमताचे भाग विकले नाहीत. रोखे काढून पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली आणि २०२० साली ते प्लाऊ लेनला परतले. जर्मनीत तर काही अपवाद वगळता क्लबमधील निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या संस्थेकडे असावीत, असा लीगचाच नियम आहे.

मालकी मिळाली म्हणजे लढा संपला, असे मात्र नाही. सहकारी साखर कारखान्यांचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला हे सांगावयास नको. सभासद झोपला की सहकारातही सरंजामदार जन्माला येतात.

म्हणून ट्रस्टांनी सल्लागाराच्या खुर्चीवर समाधान मानू नये. क्लब विक्रीस निघाल्यास तो घेण्याचा पहिला हक्क पाठीराख्यांना कायद्याने मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी सार्वजनिक पतपुरवठ्याची सोय झाली पाहिजे. बेरीच्या पाठीराख्यांनी सरकारी अनुदानाच्या साहाय्याने २०२२ साली आपले मैदान परत मिळविले आणि २०२३ साली क्लब पुन्हा तेथे खेळू लागला. क्लब मेल्यावर जी मदत देता येते, ती तो जिवंत असताना का देता येऊ नये?