जादूगार हाच खरा हेर

रंगमंचावरील जादूगाराला गुन्ह्यांचा शोध लावणारा नायक करणे ही पोरकट कल्पना होय, असे मत आमच्या सुशिक्षित वर्गात बरेच रूढ आहे. 1973 साली अमेरिकेतील एनबीसी या दूरचित्रवाणी-संस्थेने 'द मॅजिशियन' नावाची मालिका सुरू केली. तीत बिल बिक्सबी या नटाने टोनी ब्लेक नावाच्या जादूगाराची भूमिका केली होती. हा गृहस्थ रंगमंचावर खेळ करी आणि त्याच विद्येच्या बळावर अडल्यानडल्यांस गुन्हेगारांच्या तावडीतून सोडवी. मालिका एकाच हंगामानंतर, 1974 साली बंद पडली. तिच्या या अल्पायुष्याकडे बोट दाखवून, 'तिकडेही जे चालले नाही ते गिरगाव-दादरच्या प्रेक्षकांस कशाला हवे?' असे विचारणारे रसिक आहेत. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. कथा-नाटकांत आजवर जितके हेर झाले त्यांत जादूगाराइतका अधिकारी हेर दुसरा नाही. आणि ज्या नगरांस त्याची विशेष गरज आहे त्यांत मुंबईची गणना अगोदर केली पाहिजे.

हा अधिकार कोणता, ते पाहू. सामान्य हेर 'काय घडले?' असा प्रश्न करितो. जादूगाराचा प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडचा असतो: 'जे घडले असे मला वाटले, ते तसे वाटावे म्हणून कोणी काय केले?' प्रेक्षकांचे डोळे उजव्या हाताकडे वळवून डाव्या हाताने काम उरकणे हा त्याचा रोजचा उद्योग. माणसाची नजर कोठे जाते, कोठे जात नाही, आणि न पाहिलेली गोष्ट पाहिल्याची ग्वाही तो किती सहज देतो, हे जादूगाराला पोटासाठी शिकावे लागते. शिवाय फसवणूक हाच ज्याचा धंदा, परंतु 'मी फसविणार आहे' असे अगोदर सांगून जो तिकीट विकतो, असा सच्चा फसव्या समाजात हा एकटाच.

तथापि जादूगार आणि जादूगार यांतही भेद केला पाहिजे. मुंबईहून 1964 सालापासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे आमच्या दोन पिढ्यांस मँड्रेक परिचित झाला. ली फॉक या लेखकाने 1934 साली निर्माण केलेला हा उंच टोपीचा वीर आम्हांसही लहानपणी प्रिय होता. परंतु हेर म्हणून त्याची योग्यता कितीशी? त्याने हात हलविला की समोरच्याच्या पिस्तुलाचा साप होतो. संकट जितक्या सहज आले तितक्याच सहज जाते, आणि वाचकाच्या हाती काही उरत नाही. टोनी ब्लेकची गोष्ट निराळी. मार्क विल्सन या नामांकित जादूगाराने बिक्सबीला शिकविले आणि मालिकेतील खेळ बिक्सबीने, छायाचित्रणाच्या करामतीचा आश्रय न घेता, स्वतः करून दाखविले. या नियमाला आम्ही तांत्रिक हौस समजत नाही. तो नीतीचा नियम आहे. ज्या पडद्यावर काहीही दाखविता येते, त्या पडद्याने 'जे हाताने होते तेवढेच दाखवीन' अशी शपथ घेणे म्हणजे प्रेक्षकाच्या बुद्धीला मान देणे होय. नायकाला विमानात बिऱ्हाड देऊन आणि मोटारींच्या शर्यती घालून त्या मालिकेने आपले तेज पुष्कळ कमी केले हे आम्ही मान्य करितो. पण दोष त्या सजावटीचा आहे, कल्पनेचा नव्हे.

ही कल्पना पोरकट तर नाहीच. उलट ती फार जुनी आणि गंभीर आहे. 1584 साली इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉट याने चेटकिणींच्या समजुतीवर एक ग्रंथ लिहिला. हातचलाखीचे प्रयोग कसे करितात याचे सविस्तर वर्णन त्यात आले ते मुलांच्या करमणुकीसाठी नव्हे, तर चेटूक म्हणून ज्या गोष्टींचा बोभाटा होतो त्या साध्या युक्तीने साधतात हे दाखवून निरपराध स्त्रियांचा छळ थांबावा म्हणून. पुढे 1924 साली बोस्टन येथे, मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या एका बाईची परीक्षा 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकाच्या समितीने चालविली, तेव्हा समितीतील विद्वानांचे मन डळमळू लागले होते. ठाम राहिला तो हॅरी हुडिनी हा जादूगार. यात नवल नाही. शास्त्रज्ञाची गाठ सृष्टीशी पडते आणि सृष्टी मुद्दाम लबाडी करीत नाही, माणूस करितो.

आता मुंबईकडे वळू. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते अशी वार्ता देशभर पसरली आणि या शहरातील देवळांपुढेही दुधाची भांडी घेतलेल्या लोकांच्या रांगा लागल्या. त्या दिवशी सर्वांची नजर चमच्यावर खिळली होती. चमच्यातील दूध कमी होत होते हे खरेच. पण चमच्यातून गेलेले दूध कोठे गेले हे पाहण्यासाठी मूर्तीच्या पायाकडे किती जणांनी पाहिले? दिल्लीतील शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा पृष्ठताणाने ओढले गेलेले दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळाने खाली उतरताना स्पष्ट दिसले. रंग मिसळण्याची ही युक्ती म्हणजे अस्सल जादूगाराची बुद्धी होय: जेथे कोणी पाहत नाही तेथे पाहावयास लावणे. पुढे ऑगस्ट 2006 मध्ये, दादरला लागूनच असलेल्या माहीमच्या किनाऱ्यावर, समुद्राचे पाणी गोड झाले म्हणून हजारो लोक धावले. मिठी नदी शहराची घाण घेऊन ज्या खाडीत उतरते, तेथील पाणी लोक प्याले व बाटल्यांत भरून घरी घेऊन गेले. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी खाडीत येते, ही गोष्ट कोणास सुचली नाही. या दोन्ही प्रसंगी कोणी लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु लबाड नसताना जो समाज इतका फसतो, तो लबाड भेटल्यावर काय करील?

आणि असे लबाड भेटतातच. यज्ञकुंडात मंत्राने अग्नी पेटविणारा बुवा आधी कुंडात पोटॅशियम परमँगनेटची पूड घालून ठेवतो आणि तुपाच्या नावाने ग्लिसरीन ओततो. थोड्या वेळात ज्वाला उठते. 1989 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी, शाळाशाळांतून असले 'चमत्कार' करून दाखवीत व त्यांचा उलगडा करीत फिरले. हे काम म्हणजे जादूगाराचे हेरपणच नव्हे तर काय? त्याची किंमत काय द्यावी लागते हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांस लुबाडणे हा या कायद्याने गुन्हा ठरला असून त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. गुन्हे रोखण्यासाठी पोलिसांतून दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणजे 'चमत्कार' हा आता रीतसर पोलिस तपासाचा विषय झाला. हा तपास करणाराला जादूगाराची दृष्टी नको काय? लोकांच्या तोंडी या कायद्याचे नाव 'जादूटोणाविरोधी कायदा' असे बसले, ही मात्र भाषेने केलेली मोठीच थट्टा आहे. कारण जादूटोण्याचा जुना वैरी जो जादूगार, त्याचाच धंदा आरोपीच्या नावात गोवला गेला.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, जादूगाराने रहस्य फोडणे हा त्याच्या विद्येशी द्रोह होय. रंगमंचावरील खेळाचे रहस्य त्याने अवश्य राखावे. तेथे प्रेक्षक फसण्यासाठीच पैसे देतो. पण रोग बरा होईल म्हणून ज्याने दागिने विकले, त्याच्यापुढे मौन धरणे ही निष्ठा नसून भागीदारी आहे. दुसरा आक्षेप, श्रद्धा दुखावतील. दूध कोठे गेले असे विचारल्याने जी दुखावते ती श्रद्धा दुधावर होती, देवावर नव्हे.

राहता राहिला आमचा पडदा. 1972 सालच्या 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यापूर्वी कित्येक वर्षे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी गिरगावापासून लालबागपर्यंतच्या चाळींना रात्री जागविल्या होत्या. रहस्यकथेचा एवढा मोठा वाचकवर्ग तयार होता. पोलिसी तपासाच्या 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेचे स्वागतही प्रेक्षकांनी मनापासून केले. पुण्याच्या जादूगार रघुवीरांसारखे देशोदेशी खेळ करणारे कलावंत आमच्यात होऊन गेले. कथा होती, प्रेक्षक होता, कलावंत होता. तरी या तिघांची गाठ घालून देण्याचे कोणास सुचले नाही. उलट पडद्यावर जादूगार आला तो बहुधा विदूषक म्हणून, आणि चमत्कार आला तो यंत्राच्या साहाय्याने, तेजोवलय व शंखध्वनी यांसह. पुराणकथेवर आमचा राग नाही. ती आपण पुराण आहोत हे उघड सांगते. परंतु रोज संध्याकाळी घरातील मुले चमत्कार होताना पाहतात आणि तो कसा करितात हे त्यांस एकदाही दिसत नाही, ही स्थिती आम्हांस घातक वाटते.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. आमच्या एखाद्या वाहिनीने मराठी जादूगार-हेराची मालिका काढावी. नायकाचे बिऱ्हाड विमानात नको, परळच्या चाळीत असावे. त्याचे खेळ शिवाजी मंदिरात आणि सुटीतल्या बालमेळाव्यांत व्हावेत. त्याच्यापुढे येणारे गुन्हे आमच्याच गल्लीतले असावेत. नियम एकच पाळावा: जे हाताने करिता येते तेच दाखवावे आणि गुन्हेगाराने वापरलेली प्रत्येक युक्ती शेवटी उघड करावी. अशी मालिका पाहिलेली मुलगी उद्या एखाद्या बुवापुढे उभी राहिली, तर तिची नजर त्याच्या उजव्या हातावर फार वेळ ठरणार नाही. ती डावा हात शोधील.