टॅबलेट घ्या, पण लिखापढी पक्की ठेवा

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांतून आपले अनेक बांधव फर्निचर व फॅब्रिकेशनची कामे करतात. पूर्वी पार्टीकडून नकाशा कागदावर येत असे. आता तो पीडीएफ होऊन मोबाईलवर येतो. लहान पडद्यावर 460 चे 450 वाचले गेले की प्लायवूडचा आख्खा ताव वाया जातो आणि भुर्दंड कारागिराच्या माथी बसतो. म्हणून गाळ्यात एक टॅबलेट असणे ही चैन नव्हे, ते कामाचे हत्यार आहे. नकाशा मोठा करून पाहता येतो, मापाशेजारी पेनने शंका लिहून लगेच परत पाठविता येते. जुलै 2018 च्या पुरात वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले, हे आपण विसरलेलो नाही. भिजलेली वही पुन्हा उभी राहत नाही.

परंतु जे सहज लिहिता येते ते सहज बदलताही येते. वाद झाला तर माप कोणी व केव्हा बदलले, हे कसे दाखविणार? "आमचा व्यवहार विश्वासावर चालतो," असे आपले जुने व्यापारी म्हणतात. पण सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचा व्यवहार, लहान असो वा मोठा, लिहून ठेवण्याची ताकीद ईमानवाल्यांनाच आहे. सूट आहे ती हातोहात रोखीच्या सौद्याला. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. ते दोघांच्याही हक्काचे रक्षण आहे.

तेव्हा तीन गोष्टी पाळाव्यात. पार्टीची मूळ फाईल कधीही बदलू नये. खुणा तिच्या नकलेवर कराव्यात. प्रत्येक नकलेच्या नावात तारीख घालावी. बदलाला पार्टीची लेखी मंजुरी आल्याशिवाय करवत चालवू नये.

पडद्यावर बोटाने केलेली सही म्हणजे 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील डिजिटल सही नव्हे, हेही ध्यानात असावे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. टॅबलेट पडतो, चोरीला जातो. म्हणून दुसरी प्रत अन्यत्र ठेवावीच.

महागड्या टॅबलेटसाठी व्याजाच्या हप्त्यात अडकण्याची गरज नाही. साधा घ्यावा, पण शिस्त पक्की असावी. हिशेब साफ असेल तर रोजीत बरकत येईल, इन्शाअल्लाह.