बिघाड शोधण्यालाही गुण द्या!



यंत्र अडले की आपण काय करतो? बंद करून पुन्हा चालू करतो. तेवढ्याने भागले नाही, तर दिसेल ते बटण दाबून पाहतो. ही सवय शाळेतच मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या हुपरीत चांदीच्या पैंजणांचे काम घरोघर चालते. अशाच एका घरातला माझा माजी विद्यार्थी मध्यंतरी भेटायला आला. त्याचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा सिरियल पोर्टने लिनक्स प्रणालीच्या संगणकाला जोडलेला होता. पण पडद्यावर वजनाऐवजी भलतीच चिन्हे उमटत होती. काट्यावरचा आकडा म्हणजे कारागिराची मजुरी. तिथे अंदाज चालत नाही. कोणी म्हणाले केबल बदला, कोणी म्हणाले प्रणाली नव्याने भरा.

आम्ही काहीच बदलले नाही. एकेक प्रश्न विचारत गेलो.

पोर्ट सापडतो का? सापडला नसता, तर ‘अशी फाइल नाही’ असा संदेश आला असता. ‘परवानगी नाही’ असा संदेश आला असता, तर पोर्ट आहे पण वापरणाऱ्याला हक्क नाही, असा अर्थ झाला असता. डेबियनसारख्या लिनक्समध्ये हा हक्क ‘डायलआउट’ नावाच्या गटाला असतो. मोडेमने दूरध्वनी लावण्याच्या काळाची ही खूण! आमच्याकडे यांपैकी एकही संदेश नव्हता.

मग केबल सदोष आहे का? काट्याकडचे टोक सोडवून त्यातील २ व ३ क्रमांकाच्या पिना चांदीच्या तारेच्या तुकड्याने जोडल्या. २ वर संगणक ऐकतो, ३ वर बोलतो. टाइप केलेली अक्षरे जशीच्या तशी परत आली. तार काढताच ती थांबली. हे दुसरे निरीक्षण विसरू नका. त्यावाचून अक्षरे तारेतूनच आली, हे सिद्ध होत नाही. (विजेच्या प्लगवर मात्र असला प्रयोग कधीही करू नका.)

केबल निर्दोष, तरी चिन्हे भलतीच. असे का? कारण या प्रयोगात बोलणारा आणि ऐकणारा एकच असल्याने दोघांचा वेग आपोआप जुळतो. तेव्हा राहिला प्रश्न वेगाचा. काटा सेकंदाला २४०० बिट पाठवीत होता, संगणक ९६०० च्या हिशेबाने वाचत होता. काट्याचा एक बिट सुमारे ४१७ मायक्रोसेकंद टिकतो; संगणक प्रत्येक १०४ मायक्रोसेकंदांनी एक बिट मोजतो. म्हणजे एकाचे चार झाले! वेग २४०० केला आणि वजन अचूक उमटले. नवी केबल लागली नाही, नवी प्रणालीही नाही.

कोणी म्हणेल, सिरियल पोर्ट आता जुना झाला. तो झाला असेल. पण एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि तपासणीने काय सिद्ध झाले व काय झाले नाही हे ओळखायचे, ही रीत जुनी होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. सत्रातून एका तासाला मुद्दाम बिघडवलेले साधे विद्युतमंडल मुलांपुढे ठेवा. गुण बरोबर आलेल्या रीडिंगला देऊ नका, शोधाच्या पायऱ्यांना द्या. वहीतील रीडिंग शेजाऱ्याकडून उतरवता येते. बिघाड मात्र ज्याचा त्यालाच शोधावा लागतो.