खांद्याला जरा सुट्टी द्या

खांद्याचं ऑपरेशन झालं की आमच्याकडे हमखास सल्ला मिळतो, अकलोलीच्या गरम कुंडात शेका आणि हात हलवा, नाहीतर आखडेल. भीती अगदीच खोटी नाही. पण रोटेटर कफ (खोकल्यातला नव्हे!) शिवल्यावर टाके त्याला फक्त धरून ठेवतात, हाडाला तो चिकटायला काही महिने लागतात. लवकर हलवल्याने हात आधी मोकळा होतो, पण वर्षभराने फारसा फरक उरत नाही. फाट मोठी असेल तर मात्र पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. भिवंडीच्या गोदामातल्या हमालाला बुडालेली मजुरी दिसते, पण दुसरं ऑपरेशन त्याहून महाग. म्हणून मोठ्या फाटीला चार-सहा आठवडे झोळीच बरी. बोटं, मनगट खुशाल हलवा. लहान फाटीचं डॉक्टरांना विचारा. कुंड काय, कुठे पळून जात नाही!