भरावाकडे कोण बघतं?

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. २०२५च्या सप्टेंबरात मांजरा नदीच्या पुराने काठची सोयाबीनची शेतं बुडवली. त्याआधी ऑगस्टमध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात, लेंडी धरणाच्या परिसरातल्या हसनाळ, रावणगावात रातोरात पाणी शिरलं आणि माणसं गेली.

टंचाई आणि पूर दोन्ही पाहिलेल्या या मुलखात पावसाळा आला की नांदेडकरांचं लक्ष विष्णुपुरी धरणाचे किती दरवाजे उघडले याकडे असतं. गावच्या तलावाच्या मातीच्या भरावाकडे मात्र कुणी फिरकत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर मुरमाचं कवच असतं. ते वाहून गेलं की भेगा उघड्या पडतात. वेडी बाभूळ वाळली की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते. घुशींची बिळं आणखी वेगळी. (२०१९ साली कोकणातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला होता, खेकड्यांचा खुलासा काही आला नाही.)

पायथ्याशी थोडा पाझर असतोच. तो काचेच्या ग्लासात धरून बघावा. पाणी नितळ आणि पाझर तेवढाच असेल तर लक्ष ठेवलं तरी भागतं. गढूळ असेल तर भरावातली माती आतून वाहून चालली आहे. मग गावाला सावध करायला तासभरही थांबू नये.

२०२१च्या धरण सुरक्षा कायद्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे, पण ती मोठ्या धरणांची. गावोगावचे बहुतेक पाझर तलाव त्यात बसत नाहीत. त्यांचीही दर मे महिन्यात पाहणी व्हावी आणि अहवाल खालच्या अंगाच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, अशी आमची मागणी आहे.