कंबरदुखीची गोळी हलाल आहे का, आणि उपयोगाची आहे का?

आमच्या जमातीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागच्या महिन्यात एकाने बाटलीचा फोटो टाकला. खाली लिहिले होते, "अम्मीच्या कंबरेसाठी भावाने कुवेतहून पाठवली आहे. ग्लुकोसामाइन. कोळंबीच्या कवचापासून बनवतात म्हणे. हलाल आहे का?"

दोन तासांत चाळीसेक उत्तरे आली. आम्ही कोकणातले शाफई, आमच्या घरात कोळंबीला कधीच हरकत नव्हती. पण ग्रुपवर घाटावरचे हनफी नातेवाईकही आहेत. त्यांच्याकडे समुद्रातला मासा तेवढा हलाल, खेकडा चालत नाही, आणि कोळंबीला मासा म्हणायचे की नाही यावर उलमांमध्ये जुना मतभेद आहे. मग कॅप्सूलच्या जिलेटिनवर चर्चा सुरू झाली, ते गाईचे की डुकराचे. कोणीतरी सांगितले की मक्यापासून किंवा बुरशीपासून बनवलेले ग्लुकोसामाइनही मिळते. हेही खरेच आहे. बाटलीत सोबत कॉन्ड्रॉइटिन असेल तर ते बहुधा जनावरांच्या कूर्चेतून येते, तेव्हा तिथेही चौकशी करायला हवी. सगळी चर्चा अभ्यासू आणि सभ्य होती. आमच्या ग्रुपवर असे क्वचितच घडते.

पण त्या चाळीस उत्तरांत एकानेही विचारले नाही की या गोळीने कंबर थांबते का.

ग्लुकोसामाइन ही काही नवी चीज नाही. 1876 साली जर्मनीत लेडरहोझ नावाच्या संशोधकाने कवचातल्या कायटिनपासून ते वेगळे केले. आपले शरीरही ते तयार करते, रोजच्या जेवणातल्या ग्लुकोजपासूनच. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकावरची गुळगुळीत गादी, ज्या पदार्थांची बनते त्यांच्या घडणीत त्याचा वाटा असतो. यावरून तर्क निघाला की कूर्चा झिजली तर ग्लुकोसामाइन खा, ती भरून येईल. ऐकायला पटते. पण याच न्यायाने केस गळणाऱ्याने केस खावेत. मणक्यांमधल्या चकतीला तर प्रौढ वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, आजूबाजूने झिरपेल तेवढ्यावर तिचे पोषण चालते. पोटात गेलेल्या गोळीतले किती तिथवर पोहोचणार?

तर्क बाजूला ठेवू, कारण औषधाचा फैसला तर्काने होत नाही, माणसांवर तपासून होतो. तशी तपासणी नॉर्वेत झाली आणि 2010 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. सहा महिन्यांहून जास्त काळ कंबर दुखणारे आणि मणक्यांची झीज असलेले 250 रुग्ण. निम्म्यांना रोज 1500 मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय मिळतेय हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. सहा महिने गोळ्या आणि वर्षभर पाठपुरावा.

दुखण्यामुळे रोजच्या कामात किती अडचण होते, हे 24 गुणांच्या प्रश्नावलीवर मोजले. सुरुवातीला ग्लुकोसामाइनवाल्यांचा आकडा 9.2 होता, पोकळ गोळीवाल्यांचा 9.7. सहा महिन्यांनी दोन्ही गटांचा 5.0. वर्षाने 4.8 आणि 5.5, म्हणजे नोंद घेण्यासारखा फरक नाहीच.

हे आकडे पुन्हा वाचा, कारण सगळी गोम इथे आहे. गोळी घेणाऱ्यांना बरे वाटले, चांगले निम्म्याने बरे वाटले. पण खोटी गोळी घेणाऱ्यांनाही तितकेच. म्हणून "मला फरक पडला" म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही. कंबरदुखीला भरती-ओहोटी असते. आपण गोळी सुरू करतो ती दुखणे अगदी असह्य झाल्यावर, म्हणजे भरतीच्या वेळी. त्यानंतर ओहोटी येणारच होती. श्रेय बाटलीला मिळते, आणि बाटली आणणाऱ्या मुलाला. दुसऱ्या श्रेयाबद्दल माझी तक्रार नाही.

गुडघ्याची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. 2001 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या तीन वर्षांच्या अभ्यासात ग्लुकोसामाइनचा फायदा दिसला होता. बाटल्यांचा सुकाळ झाला तो अशाच निष्कर्षांच्या जोरावर. पण त्या अभ्यासामागे औषध बनवणारी कंपनीच होती. पुढे 2006 साली अमेरिकेत सरकारी पैशातून 1583 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिथे सगळ्या रुग्णांचा एकत्रित हिशेब करता ग्लुकोसामाइन पोकळ गोळीपेक्षा सरस ठरले नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 पासून गुडघ्यासाठी आणि खुब्यासाठी ते घेऊ नका असा स्पष्ट सल्ला दिला आहे. गुडघ्यावर ज्याची ही अवस्था, ते आपण कंबरेसाठी मागवतो आहोत.

कोणी म्हणेल, नसेल उपयोग, पण अपाय तर नाही ना? बहुतेकांना नाही, हे खरे. पण मी हे लिहायला बसलो ते माझ्या फुफीमुळे.

फुफीची हृदयाची झडप बदललेली आहे. तेव्हापासून तिला रक्त पातळ ठेवायची वॉर्फरिनची गोळी रोज असते, आणि दर महिन्याला आयएनआरची तपासणी. वर्षानुवर्षे आकडा ठीक यायचा. एकदा तो एकदम चढला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, दंडावर निळे डाग. डॉक्टरांनी विचारले, नवीन काही औषध सुरू केले का? फुफी म्हणाली, नाही. खाण्यात बदल? नाही. घरी आल्यावर माझ्या चुलतबहिणीला फडताळातली बाटली दिसली, दीड महिन्यापूर्वी भाच्याने आणलेली. फुफीला विचारले तर ती म्हणाली, "ते कुठं औषध आहे? ती तर ताकदीची गोळी."

ग्लुकोसामाइन वॉर्फरिनबरोबर घेतल्यावर आयएनआर वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. फुफीचा आकडा त्यामुळेच चढला, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. गोळी बंद केली, वॉर्फरिनचा डोस काही दिवस कमी केला, आकडा खाली आला. डॉक्टर तिच्यावर रागावले नाहीत. पुढच्या वेळी घरातली प्रत्येक बाटली पिशवीत घालून घेऊन या, एवढेच म्हणाले. ज्यांना कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी आहे, त्यांनीही कवचापासून बनवलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. काही गोळ्यांत सोडियमचे क्षारही असतात, ब्लडप्रेशरवाल्यांनी लेबल बघावे.

फुफीचे "ते कुठं औषध आहे" हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. आपल्याकडे अशा पूरकांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम लागू होतात, आणि लेबलवर 'औषधी वापरासाठी नाही' असे ठळक छापावे लागते. अमेरिकेत 1994 च्या कायद्यामुळे अशी बाटली बाजारात आणण्याआधी ती गुणकारी असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. म्हणजे बाटलीच्या पुढच्या बाजूला हसत धावणारे आजोबा, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात हे औषध नसल्याची कबुली.

आमच्या मशिदीत मागच्या सफीत खुर्च्या वाढत चालल्या आहेत. पाच वर्षांपूर्वी दोन होत्या, आता अकरा आहेत. सजदा करता येत नाही, याचे दुःख त्या माणसांच्या चेहऱ्यावर दिसते. त्या दुःखाला बाटली विकणे फार सोपे आहे. (नमाज हाच कंबरेचा व्यायाम, असे मेसेजही फिरतात. नमाज इबादत आहे, तिला फिजिओथेरपी बनवू नये.) त्यातल्या प्रत्येकाकडे एमआरआयची फाइल आहे आणि 'मणक्यात गॅप' हे शब्द पाठ आहेत. पण 2015 साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हा चकतीची झीज विशीतल्या 37 टक्क्यांत आणि ऐंशीतल्या 96 टक्क्यांत दिसली. झीज म्हणजे पांढरे केस. दिसते, पण दुखण्याचे कारण तीच असेल असे नाही.

मग काय करावे? चालावे. ऑस्ट्रेलियात 701 जणांवर केलेला अभ्यास 2024 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले हे लोक होते. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणे वाढवणाऱ्यांचे दुखणे परत यायला मध्यमानाने 208 दिवस लागले, तसे न करणाऱ्यांचे 112 दिवसांत परत आले. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि समजावून सांगणे यांची शिफारस केली, आणि आपल्याकडे सर्रास सांगितला जाणारा कमरेचा पट्टा व ट्रॅक्शन यांना नकार दिला. यातल्या कशावरही हसणाऱ्या आजोबांचा फोटो नसतो, म्हणून कुवेतहून कोणी पाठवत नाही.

ग्रुपवर मी शेवटी उत्तर दिले. लिहिले की हलालचा प्रश्न मौलाना सांगतील. पण अम्मी रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर ही बाटली आजच बाजूला ठेवा. पायातली ताकद कमी झाली असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, जांघेत बधिरपणा असेल तर आत्ता, याच क्षणी दवाखान्यात न्या. ताप येतो, वजन उतरते, रात्री दुखण्याने जाग येते, असे असेल तरही थांबू नका, आपल्या देशात मणक्याचा टीबी अजून आहे आणि त्याला वेळेवर औषध मिळाले तर तो बरा होतो. यातले काही नसेल तर महिन्याचे हजार-दीड हजार वाचवा आणि फिजिओथेरपिस्टकडे दोन-चार वेळा जाऊन व्यायाम शिकून घ्या.

थोड्या वेळाने त्या भावाचा मेसेज आला, खासगीत. "अम्मीला रात्री ताप येतो, तीन आठवडे झाले. आम्हाला वाटलं, हवा बदलली म्हणून." मी त्याला लगेच फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अम्मीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. तपासण्या अजून चालू आहेत.