बोंड रत्नागिरीचे, फेणी गोव्याची

१/ फाल्गुन-चैत्रात राजापूर, लांजा, संगमेश्वर या भागांतील काजूच्या बागांतून चालताना पायाखाली पिवळी-तांबडी बोंडे चिरडली जातात. त्यांचा आंबूस-गोड वास उन्हाबरोबर दाटत जातो. शेतकरी वाकतो, बोंडाला पीळ देऊन बी काढून घेतो आणि बोंड तिथेच टाकतो. बी बाजारात जाते. बोंड गुरांच्या तोंडी लागते किंवा मातीत कुजते. वजनाने बोंड बीच्या कैक पट भरते, म्हणजे झाडाने दिलेल्या फळाचा मोठा भाग दरवर्षी बागेतच संपतो.

२/ दक्षिणेकडे सिंधुदुर्ग मागे टाकून तेरेखोल नदी ओलांडली की हेच बोंड दगडी कुंडीत तुडवले जाते. त्याचा रस आंबतो, भाटीवर चढतो आणि त्याची फेणी होते. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ साली गोव्याने तिला वारसा पेयाचा मान दिला. दोन्हीकडे जांभा दगड तोच, पाऊस तसाच, झाडही तेच. मग फरक आला कुठून? उत्तराचा अर्धा भाग हवामानात आहे आणि अर्धा कायद्याच्या इतिहासात.

३/ आधी हवामान. वाइनची जगप्रसिद्ध क्षेत्रे बहुतांशी ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. तिथे हिवाळ्यात वेल पाने गाळून निद्रिस्त होते, वसंतात फुटते आणि शरदाच्या तोंडावर फळ पिकते. दिवसाचे ऊन साखर भरते, रात्रीचा गारवा आंबटपणा राखतो. या दोहोंच्या तोलावर वाइनची चव उभी असते. तोल गावागणिक बदलतो, म्हणून गावागणिक वाण आणि वाइनही बदलते.

४/ नाशिक सुमारे २० अंश अक्षांशावर आहे. तिथे वेलीला गाढ झोप लागेल इतकी थंडी पडत नाही. म्हणून दख्खनच्या शेतकऱ्याने ऋतूचे काम कात्रीकडे सोपवले. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी. युरोपातल्या वेली थंडीत झोपलेल्या असतात, तेव्हा दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत घड उतरवले जातात. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूतानेही तिथली द्राक्षे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद केली होती. उष्ण प्रदेशातल्या वेलीचा हा स्वभाव त्या परदेशी प्रवाशाच्या डोळ्यांत भरला.

५/ या स्वभावाने वाणांची निवडही केली. भोकरी, फकडी, पांढरी साहेबी हे महाराष्ट्रातले जुने खाण्याचे वाण. पुढे थॉम्पसन सीडलेस आले आणि त्यातून सांगलीच्या तासगाव भागात ‘तास-ए-गणेश’ निवडले गेले. वाइनसाठी फ्रान्समधल्या लुआर खोऱ्याचे शेनँ ब्लाँ नाशिकच्या उन्हात रुळले, कारण उष्णतेतही ते आपला आंबटपणा बऱ्यापैकी टिकवते. शिराझही तिथे स्थिरावले. थंडीची ओढ असलेले अनेक नामांकित वाण मात्र मागे राहिले. वाण माणूस आणतो. तो ठेवायचा की नाही, हे प्रदेश ठरवतो.

६/ नाशिक आणि रत्नागिरी यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग याच भिंतीला अडून कोकणात रिते होतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडून पूर्वेला जावे तसा तो झपाट्याने उतरत जातो. निफाडची कोरडी थंडी आणि रत्नागिरीची ओली उष्णता या एकाच डोंगराच्या दोन बाजू आहेत.

७/ म्हणून रत्नागिरीत द्राक्ष रुजत नाही. चार महिन्यांचा संततधार पाऊस आणि उरलेल्या काळातली दमट हवा म्हणजे डाऊनी, भुरी यांसारख्या बुरशीजन्य रोगांना आमंत्रण. समुद्रकाठी हिवाळ्याच्या रात्रीही पुरेशा गार होत नाहीत, त्यामुळे साखर आणि आम्ल यांचा तोल साधत नाही. औषधांचा मारा करून वेल जगवता येईल, पण तिच्या वाइनला रत्नागिरीची म्हणता येईल असे त्यात काही उरणार नाही.

८/ याचा पुरावा इतिहासानेच देऊन ठेवला आहे. पोर्तुगीज हे वाइन पिणाऱ्या आणि वाइन पिकवणाऱ्या देशाचे लोक. त्यांच्या प्रार्थनाविधीलाही वाइन लागे. त्यांनी गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले, तरीही द्राक्षमळ्यांची संस्कृती कोकणपट्टीत उभी राहिली नाही. वाइन जहाजातून येत राहिली. साम्राज्याला किल्ले बांधता आले, चर्च बांधता आली, पण पावसाळा बदलता आला नाही.

९/ त्याच पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून काजू आणला. हे झाड मात्र इथल्या उतारांवर आपले घर असल्यासारखे वाढले. निचऱ्याची तांबडी जमीन, पावसाळ्यानंतरचा मोठा कोरडा काळ आणि समुद्राची उबदार हवा त्याला मानवली. हापूस हे नावही अफोंसो द अल्बुकर्कवरून आल्याचे मानले जाते, आणि कलमे बांधण्याच्या कलेला या किनाऱ्यावर पोर्तुगीज काळात मोठी चालना मिळाली. परक्याने आणलेली एक गोष्ट या मातीने नाकारली आणि दुसरी इतकी आपली केली, की तिचे परकेपण कुणाच्या ध्यानातही राहिले नाही.

१०/ काजू येण्याआधी कोकणाला स्वतःचे पेय नव्हते असेही नाही. माडावर चढून माडी काढणे हे भंडारी समाजाचे पिढ्यानपिढ्यांचे कसब होते. जिथे द्राक्षवेल नाही तिथे माड होता, सह्याद्रीच्या रानात मोह होता. प्रत्येक प्रदेशाने आपल्या हवामानाला साजेल ते झाड निवडून आपले पेय घडवले होते. युरोपने या नात्याला प्रतिष्ठा दिली. हिंदुस्थानात हेच नाते महसुलाच्या आड आले.

११/ १८७८ चा मुंबई अबकारी कायदा हा या कथेतला पहिला मोठा घाव. माडी काढण्याच्या झाडांवरील करांचे ओझे वाढले, गाळण्या-विकण्याचे हक्क परवान्यांत बांधले गेले आणि गावोगावच्या छोट्या गाळपाची जागा ठेकेदार व मोठ्या भट्ट्या घेऊ लागल्या. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचे फूल जवळ बाळगण्यावरही बंधने आली. झाडावरून गळून पडलेले फूल सरकारच्या हिशेबवहीत संशयित ठरले!

१२/ दुसरा घाव स्वातंत्र्यानंतरचा आणि हेतूने फार वेगळा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा हा गांधीवादी राजकारणाचा प्रामाणिक आग्रह होता. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली कष्टकऱ्यांची घरे त्यामागे होती. १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता. तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. म्हणजे त्या काळी रत्नागिरी जिल्ह्याची हद्द थेट तेरेखोलला भिडत होती आणि नदीपलीकडे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य होते.

१३/ या एका नदीने काजूबोंडाचे दोन इतिहास केले. पलीकडे कर होता, परवाना होता, पण गाळणे हा स्वतःच गुन्हा नव्हता. म्हणून भाटीवाल्याचे हात शिकत राहिले: बोंड किती पिकलेले घ्यावे, रस किती दिवस आंबू द्यावा, उर्राक कुठे थांबवावी आणि फेणी कुठून धरावी. अलीकडे तेच काम रानात, रात्री आणि भीतीपोटी होऊ लागले. लपून केलेल्या कामात घाई असते, दर्जा नसतो आणि मुलाला अभिमानाने शिकवावी अशी परंपरा तर मुळीच नसते. बंदी पुढे सैल झाली, पण खंडित झालेले कसब आणि त्याला चिकटलेली लाज कायद्याच्या दुरुस्तीने पुसली गेली नाही.

१४/ कायदा प्रदेशाला मारतो तसा तारतोही. १७५६ साली पोर्तुगालमध्येच मुख्य मंत्री पोंबाल याने पोर्ट वाइनच्या डोरो खोऱ्याच्या सीमा आखून दिल्या. १९३५ साली फ्रान्सने प्रदेशनामांच्या संरक्षणाची राष्ट्रीय व्यवस्था उभारली. शँपेन हे नाव आज जगात जपले जाते ते केवळ तिथल्या खडूच्या मातीमुळे नव्हे. त्या मातीमागे शतकभराची कोर्टकचेरी आणि द्राक्ष उत्पादकांचे लढे आहेत. भारताने असा कायदा १९९९ साली केला. त्याखाली नाशिक व्हॅली वाइनला मानांकन मिळाले. कोकणच्या हापूसला, वेंगुर्ल्याच्या काजूला, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मिळाले. बोंडाच्या पेयाला मात्र रत्नागिरीचे नाव लागलेले नाही.

१५/ इथे शब्दांचा एक विलक्षण खेळ आहे. मळीच्या मद्यार्कात रंग-गंध मिसळून केलेले पेय सरकारदरबारी ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ ठरते. इथल्या फळाफुलांपासून गाळलेले पेय मात्र ‘देशी’ म्हणून खालच्या पंगतीत बसते. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडे व मोहफुले यांपासूनच्या मद्याला चांगला दर्जा देण्याचे ठरवले, तेव्हा त्यासाठी शब्द सापडला तो ‘विदेशी’! आपल्या रानातल्या फुलाला सन्मान देण्यासाठी त्याला परदेशी म्हणावे लागावे, हा अबकारी इतिहासाने मराठी भाषेवर उमटवलेला वण आहे.

१६/ यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. महाराष्ट्रात दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायकांनी मतदान करून गावोगावची बाटली आडवी केली आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ज्या घरात संध्याकाळची चूल दारूमुळे विझते, त्या घराला माती-हवामानाची महती सांगणे क्रूर ठरेल. म्हणून प्रश्न अधिक दारू गाळण्याचा होता कामा नये. मळीच्या स्वस्त दारूची दुकाने आज जिल्ह्यात राजरोस चालतातच. त्यातून रत्नागिरीच्या बागायतदाराला काहीही मिळत नाही. व्यसनाचा भार प्रदेशाने सोसायचा आणि उत्पन्न बाहेर जायचे, ही आजची स्थिती नैतिकही नाही आणि शहाणपणाचीही नाही.

१७/ नाशिकचा अनुभव दुसरा इशारा देतो. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाइन उद्योगाला बळ दिले. पण २००८-०९ च्या मंदीत अनेक वायनरी अडचणीत आल्या, तेव्हा करारावर वाइनची द्राक्षे लावलेले शेतकरी उघड्यावर पडले, कारण ती द्राक्षे खाण्याच्या बाजारात चालत नाहीत. केवळ मोठ्या कारखान्यांसाठी आखलेले धोरण कोकणात आले, तर बोंडाचा भाव कारखानदार ठरवील आणि बागायतदार पुन्हा काठावरच उभा राहील.

१८/ बोंडाचा स्वभावच छोट्या, जवळच्या उद्योगाची मागणी करतो. ते नाजूक असते, झाडावरून पडल्यावर दिवसभरात उतरू लागते, दूरचा प्रवास सोसत नाही. त्याची प्रक्रिया बागेच्या हाकेच्या अंतरावरच व्हावी लागते. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणचे वरकस उतार काजूखाली आणले. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जातींनी उत्पादन वाढवले. दापोलीचे कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. फळ आहे, विद्या आहे. हवी आहेत ती गावपातळीवरची छोटी केंद्रे, जिथे सरबत आणि शिरका आधी होईल आणि मद्य झालेच तर ते काटेकोर दर्जाचे, मोजके आणि उत्पादक गटाच्या मालकीचे असेल.

१९/ ‘प्रदेशाची चव’ म्हटले की डोळ्यांपुढे माती, ऊन आणि पाऊस येतात. रत्नागिरीचे बोंड या यादीत आणखी दोन नावे घालते: कायदा आणि आठवण. हवामानाने तेरेखोलच्या दोन्ही काठांना सारखेच दान दिले होते. एका काठाने त्याला नाव दिले. दुसऱ्या काठावर ते अजून पायाखाली चिरडले जात आहे, आणि यात पावसाचा काही दोष नाही.